झारच्या खुनाचं पाप आजच्या रशियन माणसाच्या माथी का?

उरलपाखरू
रशियन शिकल्यापासून तिकडच्या मुलाखती, चर्चा मुळातून ऐकायची सवय लागलीये आणि दर जुलैमध्ये तिथे एक वाद हमखास पेटतो, तो इथे मांडते. बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

१६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्गला इपात्येव नावाच्या इंजिनिअरच्या घराच्या तळघरात शेवटचा झार निकोलाय दुसरा, त्याची बायको अलेक्सांद्रा, चार मुली, १३ वर्षांचा आजारी मुलगा अलेक्सेय आणि सोबत राहिलेली चार माणसं (डॉक्टर बोत्किन, दासी देमिदोवा, स्वयंपाकी खारितोनोव, नोकर त्रूप) अशा अकरा जणांना बोल्शेविकांनी गोळ्या घातल्या. इथपर्यंत बहुतेकांना ऐकून माहीत असतं.

पण रशियात आज एक गट असा आहे की तो म्हणतो हे पाप गोळ्या घालणाऱ्यांपुरतं नाहीच, अख्ख्या रशियन जनतेचं आहे. त्यांचा युक्तिवाद असा की १६१३ मध्ये झेम्स्की सोबोरने, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रसभेने, मिखाईल रोमानोवला झार निवडलं तेव्हा त्या घराण्याशी इमान राखायची शपथ पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या वतीने घेतली होती, १९१७ ला जनतेने ती मोडली, आणि त्यानंतरची यादवी, दुष्काळ, गुलागच्या छळछावण्या, महायुद्ध ही सगळी त्याचीच शिक्षा. म्हणून सगळ्यांनी मिळून पश्चात्ताप करायचा. मॉस्कोजवळ तायनिन्स्कोये इथे निकोलायचा पुतळा आहे, तिथे जमून हे लोक 'सर्व जनतेच्या पश्चात्तापाचा' विधी करायचे. गंमत नाही, मनापासून करायचे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाने, पॅट्रिआर्क अलेक्सी दुसरे यांनी, स्वतः त्याला विरोध केला होता.

माझा प्रश्न सरळ आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याची जबाबदारी आज जिवंत असलेल्यांवर येते का? आणि येत असेल तर नेमकी झारच्याच खुनाची का, स्तालिनच्या राज्यात १९३७-३८ च्या दोन वर्षांत गोळ्या घातलेल्या ६,८१,६९२ माणसांची का नाही? मला वाटतं 'आपण सगळेच दोषी' म्हटलं की खरा दोषी त्या गर्दीत आरामात लपतो. तुम्हाला काय वाटतं?

चहाबाज
भारी विषय. आत्ता ऑफिसात आहे, जागा धरून ठेवतो, रात्री लिहितो.

खडकवासला_एक्सप्रेस
मुळात निकोलायला निष्पाप बळी म्हणून उभं करण्यालाच माझा आक्षेप आहे. मे १८९६, राज्याभिषेकाचा सोहळा, मॉस्कोचं खोदिन्का मैदान. लोकांना भेट म्हणून पेला, पाव, सॉसेज वगैरे वाटणार होते, रात्रीपासून लाखोंनी लोक जमले, मैदानात खड्डे तसेच होते, चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार १३८९ माणसं मेली. आणि त्याच संध्याकाळी हे महाशय फ्रेंच राजदूताच्या बॉलडान्सला गेले.

मग ९ जानेवारी १९०५ (त्यांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे). गापोन नावाच्या पाद्र्याच्या मागे पीटर्सबर्गचे कामगार बायकापोरांसकट निघाले, हातात झारच्याच तसबिरी, देवाच्या मूर्ती नाहीत पण देवाची चित्रं, झारसाठी प्रार्थना म्हणत. सैन्याने गोळीबार केला. सरकारी आकडा १३० मृत. झार महालात नव्हताच, त्सार्स्कोये सेलोला होता. पण पुढचं ऐका, दहा दिवसांनी त्याने कामगारांचं एक निवडून आणलेलं शिष्टमंडळ बोलावलं आणि त्यांना सांगितलं की मी तुमचा अपराध माफ करतो. गोळ्या यांनी घातल्या आणि माफी पण यांनीच केली! सामूहिक दोष जनतेच्या माथी मारायची सवय तिथूनची आहे, १९१८ नंतरची नाही.

केशरमावशी
खडकवासला, सगळं मान्य. तरी त्या चार मुलींचा आणि त्या आजारी पोराचा काय गुन्हा? आणि देमिदोवाचा? ती तर नोकरी करणारी बाई, जा म्हटलं असतं तर गेली असती, थांबली म्हणून मेली. बापाचा हिशेब लेकरांकडून घेतला तेच तर चुकलं ना. तेच आता उलटं चाललंय, पणजोबांचा हिशेब पणतवंडांकडून मागायचा.

आणि एक बारीक गोष्ट, २००० साली चर्चने त्यांना संतपद दिलं ते त्यांच्या राज्यकारभारासाठी नाही. छळ आणि मरण त्यांनी ज्या शांतपणे सोसलं त्यासाठी दिलंय, तशी त्यांच्यात वेगळी कोटीच असते. चांगला राजा होता असं चर्च म्हणत नाहीये.

बिनधास्त_बंड्या
एवढं कशाला. रशियन लोकांना राजा लागतोच. आधी झार, मग स्तालिन, आता पुतिन. रक्तातच आहे त्यांच्या.

निळीशाई
बंड्या, हे 'रक्तात आहे' वालं विधान कुठल्याच देशाबद्दल करू नये असं मला वाटतं, रशियाबद्दल तर ते टिकतच नाही. रक्तात असतं तर १९१७ ला तीनशे वर्षांची राजेशाही चार-आठ दिवसांत कोसळली नसती. राजीनामा द्या म्हणून तारा कोणी केल्या? आघाड्यांवरच्या सेनापतींनी, त्यात झारचा स्वतःचा चुलत काका ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायविच पण होता. भाऊ मिखाईलसाठी गादी सोडली तर त्याने दुसऱ्याच दिवशी नको म्हटलं. चर्चच्या सिनॉडला (चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाला) शेवटच्या दिवसांत सांगितलं होतं की लोकांना सिंहासनाला साथ द्यायचं आवाहन करा, त्यांनी केलं नाही, उलट काही दिवसांत हंगामी सरकारचं ऐका असं पत्रक काढलं. त्यामुळे शपथ मोडल्याची यादीच करायची तर पहिली नावं कामगारांची येत नाहीत, जनरल आणि बिशपांची येतात.

आणि आजचं म्हणाल तर २०१७ मध्ये व्त्सिओम या सरकारी सर्वेक्षण संस्थेने विचारलं होतं, ६८ टक्के लोकांनी राजेशाहीला साफ नकार दिला. गादीवर हक्क सांगणाऱ्या मारिया व्लादिमिरोव्ना माद्रिदला असतात. त्यांच्या मुलाचं लग्न १ ऑक्टोबर २०२१ ला पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये झालं, शंभरहून जास्त वर्षांनी रशियात रोमानोवांचं असं लग्न, मासिकांनी फोटो छापले आणि विषय संपला.

चहाबाज
आलो. निळीशाईंचा प्रतिसाद चांगलाय पण अर्धंच चित्र वाटतं मला. राजेशाही नको म्हणणारी माणसं राजासारखा माणूस नको म्हणतायत असं नाही. २००८ ला रशियन टीव्हीवर 'रशियाचं नाव' म्हणून मोठी मतमोजणी झाली होती, पहिला अलेक्सांद्र नेव्स्की, दुसरा झारचा पंतप्रधान स्तोलिपिन, तिसरा स्तालिन. तिघांत फरक पाच-सहा हजार मतांचा, पाच लाखांच्या घरातली मतं एकेकाला. म्हणजे शेतकऱ्यांची घरं मोडणारा स्तालिन आणि शेतकऱ्याला जमिनीचा मालक करू बघणारा स्तोलिपिन जवळजवळ बरोबरीत.

पुतळे बघा कोणाचे उभे राहतायत. २०१६ ला ओर्योलमध्ये इव्हान द टेरिबलचा. त्याआधी रशियात त्याचा पुतळा उभारायची कोणाची हिंमत झाली नव्हती, १८६२ ला झारशाहीनेच नोवगोरोदला रशियाच्या हजार वर्षांचं भलंमोठं स्मारक केलं त्यात सुद्धा त्याला जागा दिली नव्हती. मग क्रिमियात लिवादियाला आणि नंतर गातचिनाला तिसऱ्या अलेक्झांडरचे, दोन्हींच्या उद्घाटनाला पुतिन स्वतः. निकोलाय दुसरा सरकारला आवडत नाही, हरलेला ना तो. खंबीर झार आवडतात.

खडकवासला_एक्सप्रेस
चहाबाज +१. आणि ह्याचं मूळ जुनं आहे. 'झार दयाळू आहे, मधले अधिकारी हरामखोर' हा समज. पुगाचोवने १७७३ ला शेतकऱ्यांचं बंड केलं ते पण 'मीच खरा तिसरा पीटर' असं सांगून केलं, झारविरुद्ध बंड करायलाही झारच व्हावं लागलं. आज पुतिनचा तो वर्षातून एकदा तासन्‌तास चालणारा फोन-इन कार्यक्रम बघा, कोणी गावातल्या रस्त्याचं सांगतं, कोणी पगार थकल्याचं, दुसऱ्या दिवशी गव्हर्नरची धावपळ.

याचा जबाबदारीशी थेट संबंध आहे असं माझं मत. जो निर्णय घेतो त्याच्यापर्यंत दोष कधी पोचतच नाही आणि ज्याच्या हातात निर्णय नव्हता त्याला वाटतं माझा काय संबंध. मधल्या मध्ये सगळं गायब.

केशरमावशी
अवांतर: हा निकोलाय युवराज असताना मुंबईला येऊन गेलाय हे किती जणांना माहितीये? १८९० च्या डिसेंबरात, 'पामियात अझोवा' नावाच्या युद्धनौकेवरून. धाकटा भाऊ गेओर्गी पण सोबत होता, तो मुंबईतच आजारी पडला, छातीचं दुखणं, आणि त्याला तिथूनच परत पाठवावं लागलं. पुढे क्षयानेच गेला.

बिनधास्त_बंड्या
मावशी हे माहीत नव्हतं! अवांतरात भर: अण्णाभाऊ साठे १९६१ ला रशियाला जाऊन आले होते आणि त्याआधीच त्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा लिहिला होता. आमच्या आजोबांच्या कपाटात मराठीतली सोव्हिएत पुस्तकं होती, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, किंमत नगण्य. त्या पुस्तकांत झार म्हणजे नुसता राक्षस.

डॉक्टर_तात्या
मी नव्वदच्या दशकात वोल्गोग्रादला एमबीबीएस केलं. वसतिगृहात उंदीर फार म्हणून आम्ही तिघं एका आजींकडे भाड्याने राहायचो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत कपाटाच्या काचेमागे घरच्यांचे फोटो खोचलेले होते, त्यात एका ग्रुप फोटोत एका माणसाचा चेहरा शाईने पूर्ण काळा केलेला. मी नवीन असताना भाबडेपणाने विचारलं हे काय. त्या म्हणाल्या माझे वडील. १९३० मध्ये 'कुलाक' म्हणजे श्रीमंत शेतकरी ठरवून घरदार काढून घेतलं आणि उत्तरेला पाठवलं, परत आले नाहीत, आईने भीतीने शाई फासली, फोटो फाडवेना म्हणून. आणि त्याच फोटोत दुसऱ्या टोकाला युनिफॉर्ममध्ये एक तरुण उभा होता, तो आईचा सख्खा भाऊ, गुप्त पोलिसांत (पुढची एनकेव्हीडी) नोकरीला. दोघं एका फोटोत. त्या मामानेच पुढे यांना शाळेत घालायला मदत केली, त्याच्याच ओळखीने नोकरी लागली.

मी विचारलं मामाचा राग नाही येत? त्या म्हणाल्या, कोणाचा राग धरू, मला भाकर त्यानेच दिली.

म्हणून ज्यांना वाटतं की खुनी तिकडे, बळी इकडे, मधे रेघ मारली की झालं, त्यांना माझं सांगणं आहे की रशियात ती रेघ जेवणाच्या टेबलाच्या मधून जाते. म्हणूनच माझं मत उरलपाखरू यांच्या उलट आहे. 'सगळे दोषी' हे पळवाट म्हणून म्हणत नाहीत लोक, कित्येकदा त्यांच्या घरात ते खरंच तसं असतं. नावं उकरायला गेलात तर घरं मोडतील.

निळीशाई
तात्या, फार चांगला प्रतिसाद. दोनदा वाचला.

उरलपाखरू
तात्या, तुमच्या आजींचा फोटो डोळ्यांसमोरून जात नाहीये. तुम्हाला उत्तर देते पण आधी येल्त्सिनबद्दल लिहायचं होतं ते लिहिते कारण ते याच मुद्द्याचं आहे.

इपात्येवचं घर १९७७ च्या सप्टेंबरात पाडलं. वरून पॉलिटब्यूरोचा निर्णय, तिथे लोक फुलं ठेवायला येऊ नयेत म्हणून. पाडलं तेव्हा त्या भागाचा पक्षप्रमुख बोरीस येल्त्सिन. १७ जुलै १९९८ ला, बरोबर ऐंशी वर्षांनी, झार कुटुंबाच्या अस्थी पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल कॅथेड्रलमध्ये पुरल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष म्हणून डोकं झुकवून उभा असलेलाही तोच येल्त्सिन. भाषणात त्याने म्हटलं की ज्यांनी हे केलं ते दोषी आणि ज्यांनी दशकानुदशकं त्याचं समर्थन केलं तेही दोषी, आपण सगळेच दोषी. मला ते भाषण आवडतं, एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस असं बोलला हे लहान नाही. पण त्यापुढे काहीच झालं नाही. कुठलं दप्तर उघडलं नाही, कोणाची चौकशी नाही, 'सगळे' म्हणून झालं आणि लोक घरी गेले.

आणि त्याच दफनविधीत अजून एक गोष्ट घडली. अस्थी खऱ्याच आहेत हे चर्चने तेव्हा मान्य केलं नव्हतं, पॅट्रिआर्क आले नाहीत, आणि विधी करणाऱ्या पाद्र्याने मृतांची नावंच घेतली नाहीत, प्रार्थनेत म्हटलं की यांची नावं, प्रभू, तुला ठाऊक आहेत. डीएनए झालेलं होतं, जगाला माहीत होतं कोण आहेत ते. तरी नाव नाही.

आता तात्यांचा मुद्दा. तोम्स्कचा देनिस कारागोदिन. त्याचे पणजोबा स्तेपान कारागोदिन, शेतकरी, जपानचे हेर म्हणून १९३७ च्या डिसेंबरात उचलले आणि २१ जानेवारी १९३८ ला गोळी घातली. पन्नासच्या दशकात सरकारने कागद दिला की निर्दोष होते, बस. हा पोरगा त्यावर थांबला नाही, अनेक वर्षं अर्जावर अर्ज करत राहिला, की त्यांना मारणाऱ्यांची नावं मला पाहिजेत, हुकूम देणाऱ्यापासून गोळी झाडणाऱ्यापर्यंत, ड्रायव्हर आणि टायपिस्ट सकट. २०१६ च्या नोव्हेंबरात त्याला नोवोसिबीर्स्कहून गोळी घातल्याच्या नोंदीची प्रत मिळाली, खाली तीन सह्या. त्याने त्या जाहीर केल्या.

काही दिवसांत त्या तिघांपैकी एकाच्या नातीचं पत्र आलं. तिला आजोबांचं हे माहीतच नव्हतं, झोप लागत नाही म्हणून लिहिलं होतं तिने, क्षमा मागितली, आणि हेही लिहिलं की तिच्या आईकडचे पणजोबाही त्याच वर्षांत पकडून नेले, परत आले नाहीत. एकाच घरात मारणारा पण आणि मेलेला पण. तात्या, हुबेहूब तुमच्या आजींचं घर. आणि कारागोदिनने उत्तर काय दिलं, तर मी समेटाचा हात पुढे करतोय, मला कितीही जड जात असलं तरी. घर मोडलं नाही हो. नाव कळलं म्हणूनच त्या दोघांना एकमेकांशी बोलता आलं.

डॉक्टर_तात्या
हे प्रकरण मला माहीत नव्हतं. वाचून बरं वाटलं हे खरं. पण ती नात चांगली होती म्हणून. दहा जणांनी उलटी शिवीगाळ केली असती. आणि त्या आजी आज असत्या तर त्यांनी ते पत्र लिहिलं नसतं आणि कोणी त्यांच्या मामाचं नाव इंटरनेटवर टाकलेलंही त्यांना चाललं नसतं. त्यांच्या गप्प राहण्याला पण काही किंमत आहे असं मला वाटतं, मी ठाम आहे.

वोल्गाकाठ
मी बर्लिनला असते, ऑफिसात २०२२ ला युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर देश सोडून आलेले रशियन बरेच आहेत. हा वाद आमच्याकडे कॅन्टीनमध्ये रोज चालतो आणि कधी कधी लोक ताट सोडून उठून जातात इतका तापतो. एकीचं म्हणणं मी मोर्चे काढले, दंड भरला, मला यात का ओढता. दुसरा म्हणतो माझ्या टॅक्समधून रणगाडे झाले, मी मोर्चाला गेलो होतो हे त्या रणगाड्याखाली आलेल्याला सांगू का?

जर्मनीत हा गुंता १९४६ लाच कार्ल यास्पर्सने सोडवायचा प्रयत्न केला होता. त्याने दोषाचे चार प्रकार केले. गुन्ह्याचा दोष, तो फक्त त्या त्या माणसाचा आणि त्याचा न्याय कोर्टात. राजकीय, तो त्या राज्याच्या सगळ्या नागरिकांवर, भरपाई द्यावी लागली तर सगळ्यांनी द्यायची. नैतिक, तो ज्याचा त्याने मनाशी तपासायचा. आणि चौथा देवासमोरचा. रशियातल्या त्या झारवाल्या पश्चात्तापात मला वाटतं हे चारही एका पातेल्यात टाकून ढवळलेत, त्यामुळे कोर्टाचं काम प्रार्थनेवर ढकललं जातं.

बिनधास्त_बंड्या
मग ब्रिटिशांनी जालियनवालाची माफी मागितली का? २०१९ ला नुसता खेद व्यक्त केला. रशियनांनाच का धारेवर धरताय?

निळीशाई
बंड्या, तो वेगळा धागा काढ, मी पहिला प्रतिसाद देईन. पण रशियाने माफी मागितलीच नाही असंही नाही बरं का. १९४० ला कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे २२,००० पोलिश अधिकारी वगैरे मारले, पन्नास वर्षं जर्मनांवर ढकललं, १३ एप्रिल १९९० ला गोर्बाचोवच्या काळात मॉस्कोने कबूल केलं, १९९२ ला येल्त्सिनने कागदपत्रांच्या प्रती पोलंडला दिल्या, २०१० ला दुमाने (तिथल्या संसदेने) ठराव केला की हुकूम स्तालिनचाच. म्हणजे जमतं त्यांना. कागद उघडले की जमतं.

उलट आता काय झालंय ते बघ. 'मेमोरियल' ही संस्था, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली, सोव्हिएत दडपशाहीत गेलेल्यांची नावं जमवणारी. २०१६ ला त्यांनी एनकेव्हीडीच्या जवळजवळ ४०,००० कर्मचाऱ्यांची यादीपण खुली केली. २८ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने संस्था बंद करायचा हुकूम दिला. तिथे सरकारी वकिलाने जे म्हटलं त्याचा आशय असा की आम्ही विजेत्यांचे वंशज, आमच्या उज्ज्वल भूतकाळाचा अभिमान बाळगायचा सोडून आम्हाला लाज आणि पश्चात्ताप का करायला लावता.

हे वाचून मी सुन्न झाले होते. म्हणजे १९४५ च्या विजयाचा वारसा आपोआप मिळतो, त्यासाठी तुम्ही लढलेला असायची गरज नाही. आणि १९३७ चा वारसा मात्र 'मी तेव्हा जन्मलो नव्हतो' म्हणून नाकारता येतो. दोन्हीपैकी एक नियम ठेवा ना.

चहाबाज
निळीशाई, तुमच्या या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. धाग्यातला सगळ्यात नेमका मुद्दा.

केशरमावशी
मला एक सांगा, जुलैमध्ये येकातेरिनबुर्गच्या त्या चर्चपासून, जे इपात्येवच्या घराच्या जागी बांधलंय, गानिना यामापर्यंत (मृतदेह आधी जिथल्या खाणीत टाकले ती जागा) रात्रीतून वीसेक किलोमीटर चालत जाणारी माणसं, २०१८ ला तर लाखभर होती म्हणे, ती सगळी राजकारण करतात का हो? मी व्हिडिओ बघितलेत. बाबागाडी ढकलणाऱ्या बाया आहेत, काठी टेकत चालणारे म्हातारे आहेत. मला त्यांच्यात खोटेपणा दिसत नाही. कोणाला तरी मनापासून वाईट वाटतंय शंभर वर्षांनी, त्यात नावं ठेवण्यासारखं काय आहे?

उरलपाखरू
काहीच नाही मावशी. त्या चालणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार त्या बळावर जे धाक घालतात त्यांच्याबद्दल आहे. २०१७ ला निकोलाय आणि नर्तकी क्शेसिन्स्काया यांच्यावर 'मातिल्दा' सिनेमा आला तेव्हा खासदार पोक्लोन्स्काया बाईंनी तो बंद पाडायला केवढी मोहीम चालवली, थिएटरवाल्यांना धमक्या गेल्या, येकातेरिनबुर्गला एकाने गाडी सिनेमागृहात घातली आणि आग लावली. राजाच्या अपमानाला एवढी धार आणि बुतोवोला?

चहाबाज
बुतोवोचं नाव निघालंय तर लिहितोच. मॉस्कोच्या दक्षिणेला, ऑगस्ट १९३७ ते ऑक्टोबर १९३८ मध्ये तिथे वीस हजारांहून जास्त लोकांना गोळ्या घातल्या, खंदकात पुरलं. पाद्री, सुतार, गवंडी, रेल्वेचे कामगार, विद्यार्थी. २०१७ ला तिथे लांबच्या लांब दगडी भिंत केली, खड्ड्यात उतरल्यासारखं चालत जायचं आणि दोन्हीकडे नावं, ती पण ज्या दिवशी मारलं त्या तारखेप्रमाणे लावलेली. त्यामुळे एखाद्या तारखेखाली शेकडो नावं लागतात आणि एका दिवसात किती मारले ते डोळ्यांना कळतं.

आणि उरलपाखरू, ती जागा चर्चकडे आहे, ते काम चर्चच्या माणसांनी पुढाकार घेऊन केलंय. तिथे मेलेल्यांपैकी तीनशेहून जास्त जणांना संत मानलं जातं. तर चर्च म्हणजे नुसते ते झारवाले नाहीत, हेपण लिहिलं पाहिजे.

पण भिंतीवर मारणाऱ्यांची नावं नाहीत.

खडकवासला_एक्सप्रेस
९ जानेवारीच्या लोकांसाठी पीटर्सबर्गला स्मशानभूमी आहे, स्मारक आहे, सोव्हिएत काळातलं. तेव्हा झारला दोषी धरणं सोयीचं होतं म्हणून झालं. झारचं स्मारक सोव्हिएत गेल्यावर झालं. २०१७ ला मॉस्कोत 'शोकाची भिंत' झाली, पुतिनने उद्घाटन केलं, आणि वर सांगितलं की याचा अर्थ हिशेब चुकते करायचे असा नाही. ज्या त्या राज्याला आधीच्या राज्याचे मेलेले आठवतात, आपले नाही. म्हणून मला विचाराल तर आजच्या रशियन माणसाची जबाबदारी १९१८ ची नाही, १९३८ ची पण नाही, आत्ता २०२२ पासून जे चाललंय त्याची आहे. बाकी सगळं सोप्या पेपरचे प्रश्न सोडवणं आहे.

वोल्गाकाठ
खडकवासला, आमच्या कॅन्टीनमधला जो रणगाडेवाला आहे तो शब्दशः हेच म्हणतो. आणि त्याला उत्तर देणारी म्हणते की १९३८ ची दप्तरं उघडी असती आणि एका जरी माणसावर खटला झाला असता तर २०२२ ला हुकूम पाळणाऱ्यांच्या मनात थोडी तरी भीती असती. दोघांचंही पटतं मला.

डॉक्टर_तात्या
माझं मत आजींच्या बाबतीत बदललेलं नाही, पण एक फरक मी करेन. गप्प राहायचा हक्क आजींचा, सरकारचा नाही. सरकारने कागद उघडे ठेवावेत, बघायचे की नाही ते घरच्यांनी ठरवावं.

उरलपाखरू
तात्या, हे मला मान्य आहे आणि माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतंय असं वाटतं. पणजोबांनी झारला गोळी घातली याचा दोष पणतवंडाला नाही, १६१३ ची शपथ तर नाहीच नाही. पण दप्तराला कुलूप आज लावलेलं आहे, आजच्या अधिकाऱ्याने, आजच्या कोर्टाने, आणि ते लावलं जात असताना गप्प बसणं हे आजच्या माणसाचं आहे.

वोल्गाकाठ, दर २९ ऑक्टोबरला मॉस्कोला लुब्यांकाच्या चौकातल्या सोलोव्की दगडापाशी (सोलोव्कीच्या छळछावणीच्या जागेहून आणलेला स्मारकाचा दगड) लोक रांग लावून नावं वाचायचे ना, २००७ पासून, नाव, वय, काम, गोळी घातल्याची तारीख. २०२० पासून तिथे जमू देत नाहीत. बर्लिनला होतं का ते?

वोल्गाकाठ
होतं, इथे आणि बाहेरच्या बऱ्याच शहरांत. गेल्या वेळी मीही उभी होते. हातात चिठ्ठी देतात, त्यावर लिहिलेली नावं वाचायची, हवं तर आपल्या घरचं नाव पुढे जोडायचं. माझ्या पुढे तोच रणगाडेवाला होता. त्याने चिठ्ठी वाचली, मग आपल्या पणजोबांचं नाव घेतलं, आणि मग युक्रेनमधल्या ज्या शहरात त्याची मावशी राहायची तिथे २०२२ ला मेलेल्या तिच्या शेजाऱ्याचं. मागे कोणीतरी पुटपुटलं की आजचा विषय हा नाही. तो वळून म्हणाला हाच आहे. त्यावरून बाहेर अर्धा तास भांडण झालं, आणि खडकवासला, मला अजूनही ठरवता आलेलं नाही त्याने तिथे ते नाव घ्यायला हवं होतं की नव्हतं.

खडकवासला_एक्सप्रेस
घ्यायलाच हवं होतं.

केशरमावशी
मला नाही वाटत. १९३८ ला मेलेल्यांना वर्षातून एकच दिवस मिळतो, तो तरी त्यांचा राहू द्या. आजच्यासाठी उरलेले सगळे दिवस आहेतच की.